इऑस बेटावर मुलीबरोबर आई-वडिलांनी जावे का?

घाटमाथा (४ फेब्रुवारी)

सर्वांना नमस्कार. माझी धाकटी मुलगी दोन वर्षांपासून जर्मनीत आखेनला शिकते आहे. येत्या जूनमध्ये मी आणि माझे यजमान पहिल्यांदाच तिच्याकडे जाणार आहोत. बारा दिवस तिच्याजवळ राहून मग तिघांनी ग्रीसला जायचे, असे ठरले आहे. अथेन्स आणि सांतोरिनी यांबद्दल घरात कोणाचेच दुमत नाही. मधले चार दिवस मात्र तिला इऑस नावाच्या लहानशा बेटावर घालवायचे आहेत, कारण तिच्या वर्गातल्या चार मैत्रिणी त्याच सुमारास तिथे असतील. त्या बेटाची माहिती शोधायला गेले, तर बहुतेक छायाचित्रे पहाटेपर्यंत चालणाऱ्या बारची, नाचणाऱ्या गर्दीची आणि विशी-बाविशीच्या मुलामुलींचीच दिसली. यजमानांचे म्हणणे असे की, आपण तिथे जाऊन तिचाही विरस करू आणि आपलाही होईल. तिला जाऊ द्यावे आणि आपण दोघांनी चार दिवस अथेन्समध्येच राहावे.

माझे मन मात्र वेगळ्याच कारणाने तिकडे ओढ घेते आहे. मी साताऱ्यातल्या एका शाळेत एकोणतीस वर्षे इतिहास शिकवला. प्राचीन ग्रीक महाकवी होमरची समाधी याच बेटावर असल्याचे परंपरा सांगते, हे वाचल्यापासून ते ठिकाण डोळ्यांसमोरून हलत नाही. आपल्यापैकी कोणी इऑसला गेले आहे का? साठीच्या जोडप्याला तिथे अवघडल्यासारखे होईल का? यजमानांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे, त्यामुळे चढउतार किती आहे हेही कळले तर बरे होईल. आणखी एक गोष्ट मोकळेपणाने विचारते: मुलगी रात्री मैत्रिणींबरोबर बाहेर राहिली, तर काळजी करण्यासारखे तिथे काय आहे आणि काय नाही?

टपालपेटी (४ फेब्रुवारी)

तुमच्या यजमानांचे मत मला पटते. एजियन समुद्रातल्या किक्लाडीस द्वीपसमूहात इतकी बेटे असताना, जे बेट तरुणांच्या रात्रीच्या जागरणासाठीच ओळखले जाते तिथे जाण्याचा आग्रह का धरावा? नॅक्सोस मोठे आहे, तिथे शेती आहे, डोंगरातली गावे आहेत, आणि बंदरात पाऊल ठेवताच अपोलोच्या अपूर्ण मंदिराचा तो प्रचंड संगमरवरी दरवाजा समोर दिसतो. आम्ही उभयता तिथे सहा दिवस राहिलो आणि एकदाही कंटाळलो नाही. मुलांची सुट्टी मुलांना द्यावी आणि आपली आपण घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

हांबुर्गवासी (५ फेब्रुवारी)

ताई, मी चोवीस वर्षांची असताना तीन मैत्रिणींबरोबर इऑसला गेले होते आणि गेल्या वर्षी सासू-सासऱ्यांना आणि मुलाला घेऊन पुन्हा गेले, म्हणून दोन्ही बाजू सांगू शकते.

आधी बेटाची ठेवण लक्षात घ्या, म्हणजे पुष्कळ शंका आपोआप मिटतील. बेट सुमारे १०९ चौरस किलोमीटरचे आहे आणि कायमची वस्ती दोन हजारांच्या आसपास. बोट लागते ते बंदर यालोस. त्याच्या वर डोंगराच्या कुशीत पांढऱ्या घरांचे मुख्य गाव आहे, त्याला होरा म्हणतात. होऱ्याच्या पलीकडे उतरले की मिलोपोतासचा लांब, वाळूचा किनारा लागतो. तरुणांची सारी गजबज होऱ्यातल्या चौकात, त्याच्या भोवतालच्या बोळांत आणि दिवसा मिलोपोतासवर असते. म्हणजे शंभरावर चौरस किलोमीटरच्या बेटावर गोंगाटाची जागा हातरुमालाएवढी आहे आणि तिथेही तो रात्री अकरानंतर सुरू होतो, एक वाजता भरात येतो. संध्याकाळी सात वाजता त्याच चौकात आजीबाई खुर्च्या टाकून बसलेल्या असतात आणि लहान मुले चेंडू खेळत असतात. आम्ही दुसऱ्या खेपेस यालोसला राहिलो. सासूबाईंना चार रात्रींत एकदाही संगीताचा आवाज ऐकू आला नाही.

काळही महत्त्वाचा आहे. जुलैच्या सुरुवातीपासून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत खरी गर्दी असते. जूनच्या मध्यावर बेट जागे झालेले असते, पण ओसंडून वाहत नसते.

मुलीच्या काळजीबद्दल वेगळे लिहिते, कारण तो प्रश्न घाईत उत्तर देण्यासारखा नाही.

चोवीस_कॅरट (५ फेब्रुवारी)

काकू, मी तुमच्या मुलीच्याच वयाचा आहे, म्हणून एवढेच सांगतो. मैत्रिणी बेटावर असताना तिने आई-वडिलांनाही तिथे बोलावले, ही साधी गोष्ट नाही. आमच्यापैकी पुष्कळजण अशा वेळी घरच्यांना परस्पर दुसरीकडे पाठवण्याची योजना आखतात. तिला तुम्ही तिथे हव्या आहात. जरूर जा.

टपालपेटी (५ फेब्रुवारी)

चोवीस_कॅरट यांचा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो योग्य आहे. तरीही गुडघ्याचा प्रश्न उरतोच. होरा म्हणजे पायऱ्यांचे गाव, असे ऐकून आहे.

मंदगती (६ फेब्रुवारी)

माझे दोन्ही गुडघे बदललेले आहेत आणि मी इऑस पाहिले आहे, म्हणून लिहिते. होऱ्यात गाड्या शिरत नाहीत. बोळ अरुंद आहेत, फरसबंदीच्या चिऱ्यांच्या कडा चुन्याने रंगवलेल्या आहेत, आणि चौकातून वर चर्चकडे जायचे तर पायऱ्यांना पर्याय नाही. पण बंदर, होरा आणि मिलोपोतास यांना जोडणारी बस हंगामात सतत फिरत असते आणि ती होऱ्याच्या पायथ्याशी, निळ्या घुमटाच्या मोठ्या चर्चजवळ सोडते. तिथून चौकापर्यंतचा चढ मी काठी घेऊन, दोनदा थांबून चढले. सर्वांत वर पानायिया ग्रेमिओतिसा हे चर्च आहे. तिथल्या मरियामातेची चित्रप्रतिमा क्रीटहून समुद्रातून तरंगत आली, अशी श्रद्धा आहे. तिथपर्यंत मी गेले नाही. यजमान गेले आणि सूर्यास्त पाहून आले. मी खाली पवनचक्क्यांच्या रांगेजवळ बसले, तिथूनही समुद्र भरपूर दिसतो.

दोन सूचना अगदी मनापासून करते. बूट रबरी तळव्याचे असावेत, कारण हजारो पावलांनी तिथले दगड गुळगुळीत झाले आहेत. आणि खोली आरक्षित करताना ती बसथांब्यापासून किती पायऱ्या वर आहे, हे मालकाला आधी लिहून विचारावे. तिथले लोक आकडा सांगतात, कारण सामान त्यांनाच वर न्यावे लागते.

दर्यावर्दी (७ फेब्रुवारी)

मी रत्नागिरीचा. व्यापारी जहाजांवर सव्वीस वर्षे नोकरी केली आणि अथेन्सजवळच्या पिरेयस बंदरात अनेकदा मुक्काम झाला. इऑसवर विमानतळ नाही, हे धाग्यात अजून कोणी सांगितलेले दिसत नाही. तिथे जायचे ते समुद्रानेच, आणि म्हणून वाऱ्याचा विचार आधी करावा.

उन्हाळ्यात एजियन समुद्रावर उत्तरेकडून जो वारा सुटतो त्याला तिथे मेल्तेमी म्हणतात. आपल्याकडचा नैर्ऋत्य मोसमी वारा ढग आणि पाऊस घेऊन येतो. मेल्तेमी कोरडा असतो, आकाश निरभ्र असते आणि तरीही समुद्र पांढरा झालेला असतो. किनाऱ्यावरच्या माणसाला वाटते, एवढे सुंदर ऊन पडले असताना बोट का सुटत नाही? अनातोलियावरचा, म्हणजे तुर्कस्तानच्या बाजूचा, उष्ण हवेचा कमी दाब आणि बाल्कनच्या बाजूचा जास्त दाब यांच्या ओढाताणीतून हा वारा निर्माण होतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये सलग काही दिवस वाहतो. जोर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बंदराचे अधिकारी बोटींना निघण्याची परवानगी नाकारतात. लहान, वेगवान बोटी आधी थांबतात. मोठ्या, संथ जहाजांना अधिक जोराचा वारा चालतो.

म्हणून माझा आग्रह असा की, ज्यांना घाई नाही त्यांनी मोठ्या जहाजाचे तिकीट काढावे. वेळ दुप्पट लागतो, पण डेकवर उभे राहून एकेक बेट जवळ येताना आणि मागे पडताना पाहता येते; वेगवान बोटीत बहुधा बंद काचेआड बसावे लागते. दुसरे, परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी बेटावर असू नये. शेवटची रात्र जिथून विमान आहे तिथेच काढावी. विमानतळापासून पिरेयसपर्यंत आता मेट्रो थेट जाते. तिची तीन क्रमांकाची मार्गिका २०२२ च्या ऑक्टोबरात बंदरापर्यंत पोहोचली. बंदर अवाढव्य आहे, त्यामुळे तिकिटावरचा दरवाजाचा क्रमांक आधी पाहून ठेवावा.

प्राचीन (८ फेब्रुवारी)

घाटमाथा ताई, तुम्ही इतिहासाच्या शिक्षिका आहात, म्हणून होमरबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

होमर कुठला, यावर अनेक नगरांनी हक्क सांगितला, पण तो वारला कुठे याबद्दल प्राचीन परंपरा इऑसकडे बोट दाखवते. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला प्रवासी पाउसानियास याने देववाणीचा उल्लेख केला आहे. होमरला सांगितले गेले होते की, इऑस ही तुझ्या आईची भूमी आहे, तीच मृत्यूनंतर तुला सामावून घेईल. पण लहान मुलांच्या कोड्यापासून सावध राहा. पुढची कथा अशी की, किनाऱ्यावर मासे धरायला गेलेली मुले परतताना म्हाताऱ्या, अंध कवीने त्यांना विचारले, काय मिळाले? मुले म्हणाली, “जे सापडले ते टाकून आलो, जे सापडले नाही ते बरोबर घेऊन आलो.” मासे मिळाले नव्हते, म्हणून ती बसून उवा काढत होती. सापडलेल्या उवा टाकल्या, न सापडलेल्या अंगावरच राहिल्या. होमरला कोडे सुटले नाही, देववाणी आठवली आणि त्या दुःखात तो गेला, असे कथा सांगते.

ही आख्यायिकाच आहे, पण इऑसच्या लोकांनी ती फार जुन्या काळापासून जपली. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातल्या त्यांच्या नाण्यांवर होमरचे मस्तक कोरलेले आढळते. पुढे १७७१ मध्ये पाश फान क्रीनन नावाच्या एका डच सरदाराने, रशियन आरमार एजियन समुद्रात असताना, बेटाच्या उत्तर टोकाला प्लाकोतोस इथे थडगी उकरली आणि त्यांतले एक होमरचे असल्याचे जाहीर केले. त्याचा दावा अभ्यासकांनी स्वीकारलेला नाही. आज तिथे दगडांची रास, एक शिळा आणि समोर उघडा समुद्र एवढेच आहे.

पण माझ्या मते इऑसवरचे सर्वांत मोलाचे स्थान दुसरेच आहे. बंदर आणि होरा यांच्या जवळ स्कार्कोस नावाची बुटकी टेकडी आहे. तिच्यावर इसवी सनापूर्वी तिसऱ्या सहस्रकाच्या मध्यावरची वसाहत सापडली, आणि तिच्या भिंती काही ठिकाणी माणसाच्या उंचीहून पुष्कळ अधिक उभ्या आहेत. फरसबंद गल्ल्या, चौक, सांडपाण्याच्या मोऱ्या, दुमजली घरे. मोहेंजोदडो भरात होते त्याच सुमारास या लहानशा बेटावर ही माणसे दगडी घरांच्या वरच्या मजल्यावर राहत होती, हे आपल्या विद्यार्थ्यांना सांगता आले तर किती चांगले! जतनाच्या कामाबद्दल स्कार्कोसला २००८ मध्ये युरोपा नोस्त्रा हा पुरस्कार मिळाला. तिथे सापडलेली भांडी आणि वस्तू होऱ्यातल्या संग्रहालयात आहेत. दोन्हींच्या वेळा हंगामाप्रमाणे बदलतात आणि आठवड्यातून एक दिवस बंद असतो, म्हणून पोहोचल्या दिवशीच चौकशी करावी.

चोवीस_कॅरट (८ फेब्रुवारी)

उवांचे हे कोडे मी आज आजीला घातले. ती क्षणभरही न थांबता म्हणाली, “उवा असतील.” आमच्या आजीने होमरला वाचवले असते.

प्राचीन (८ फेब्रुवारी)

आजींना माझा नमस्कार सांगावा. ज्या घरात फणी आणि नातवंडे आहेत, तिथे हे कोडे टिकत नाही.

शिवोलीचो_वारो (१० फेब्रुवारी)

मी गोव्यातल्या बार्देशचा. धागा सुरुवातीपासून वाचला आणि एका बाजूबद्दल कोणीच लिहिले नाही, म्हणून लिहितो. ती बाजू म्हणजे तिथे राहणाऱ्यांची.

साठ आणि सत्तरच्या दशकांत जी हिप्पी मंडळी युरोपातून निघाली, त्यांतली काही इऑसच्या किनाऱ्यांवर झोपू लागली आणि काही स्थलमार्गाने तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान ओलांडत आमच्या हणजुणेपर्यंत आली. दोन्हीकडे एकच गोष्ट घडली. आधी मासेमारी आणि थोडी शेती करणारे, मुलांना बाहेर पाठवणारे गरीब गाव, मग खोली भाड्याने देणारे घर, मग उपाहारगृह, आणि शेवटी वर्षाची सगळी कमाई तीन-चार महिन्यांच्या सीझनवर अवलंबून असलेला समाज. माझ्या आईने आमच्या घरातली पुढची खोली पहिल्यांदा भाड्याने दिली तेव्हा माझ्या शाळेची फी वेळेवर भरली गेली, हे मी विसरू शकत नाही. त्याच खोलीत उतरलेल्या माणसांनी रात्री तीन वाजता आमच्या तुळशीजवळ बाटल्या फोडल्या, हेही विसरू शकत नाही.

इऑसला मी हॉटेलच्या कामानिमित्त दोन सीझन राहिलो. तिथल्या घरमालकिणीने मला जे दाखवले ते मला गावच्यासारखेच वाटले. हिवाळ्यात बहुतेक दुकाने बंद, वारा, आणि चौकात मोजकी माणसे. पाऊस थोडा, त्यामुळे पाण्याची कायमची चिंता. पिण्याचे पाणी बाटलीचे घेतात, आणि ऐन ऑगस्टात पाहुण्यांनी नळ सोडून ठेवला की तिचा जीव कासावीस होतो. तुमच्या मुलीला आणि तिच्या मैत्रिणींना एवढेच सांगा की पहाटे खोलीवर परतताना बोळातून हळू बोलत जावे. त्या पांढऱ्या भिंतींच्या आत माणसे झोपलेली असतात आणि सकाळी सहाला उठून तीच न्याहारी बनवतात.

जा, जरूर जा. ग्रीक भाषेत सकाळी “कालिमेरा” आणि आभारासाठी “एफहारिस्तो” एवढे दोन शब्द पाठ करून जा. फरक लगेच जाणवेल.

हांबुर्गवासी (१० फेब्रुवारी)

वर म्हटल्याप्रमाणे सुरक्षिततेबद्दल लिहिते. आम्ही चौघी होतो आणि रात्री दोन-दोन वाजता होऱ्यातून फिरलो. एकटे पडल्यासारखे कधी वाटले नाही, कारण त्या वेळी बोळांत दिवसापेक्षा जास्त माणसे असतात. तरीही तीन गोष्टींचा धोका खरा आहे.

पहिला दारूचा. ग्रीसमध्ये भेसळीच्या किंवा हलक्या प्रतीच्या दारूला “बोम्बा” म्हणतात. जिथे एकावर दोन पेले फुकट म्हणून हाक मारतात तिथे विचार करावा. जी घेते तिने बंद बाटलीतली बिअर घ्यावी, पेला नजरेआड करू नये. जी घेत नाही तिला कोणी आग्रह करत नाही, हे मी स्वतः न घेणारी म्हणून सांगते.

दुसरा धोका चारचाकी मोटरबाइकचा, आणि तो मला सर्वांत मोठा वाटतो. या गाड्या बंदरावरच भाड्याने मिळतात, रस्ते वळणावळणाचे आहेत, कडेला वाळू असते, आणि रात्रीच्या जागरणानंतर सकाळी त्या चालवल्या जातात. आमच्यातली एक मिलोपोतासच्या उतारावर घसरली. तिचे मनगट मोडले आणि गाडी भाड्याने देणाऱ्याने पूर्ण अनामत ठेवून घेतली. बेटावर लहान आरोग्य केंद्र आहे. मोठी दुखापत असेल तर बेटाबाहेर न्यावे लागते. भारतीय परवान्यासोबत आपल्या आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना नसेल तर विमा कंपनी पैसे देणार नाही, हे पक्के समजावे.

तिसरा धोका उन्हाचा आणि पाण्याचा. रात्रभर जागून दुपारी पोहायला उतरू नये. मांगानारीसारख्या दक्षिणेच्या किनाऱ्यांवर पाणी इतके स्वच्छ असते की खोली कळत नाही.

मुलीशी हे सगळे एकदाच, शांतपणे बोलावे आणि परतण्याची एक वेळ ठरवून घ्यावी. संकटकाळचा क्रमांक ११२ आहे.

स्वयंपाकघर (१२ फेब्रुवारी)

शाकाहारी असाल तर काळजी करू नका. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपवासाचे दिवस वर्षात पुष्कळ येतात. त्या दिवशी ते मांस, दूध, अंडी वर्ज्य करतात, आणि त्या अन्नाला “निस्तिसिमो” म्हणतात. उपाहारगृहात हा एक शब्द उच्चारला की न सांगता सगळे समजते. मात्र त्यांच्या उपवासाला कालवे, कोळंबी, माखली चालतात, त्यामुळे “मासळी नको” हे वेगळे सांगावे.

फावा मागवा. पिवळ्या डाळीचे घट्ट, मऊ वरण, वरून कच्चा कांदा, लिंबू आणि ऑलिव्हचे तेल. माझ्या वडिलांनी पहिला घास घेऊन विचारले होते, “भात कुठे आहे?” तांदूळ भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरची, म्हणजे गेमिस्ता, हा दुसरा पदार्थ. इऑसचे स्वतःचे स्कोतिरी नावाचे आंबूस चीजही मिळते, ते आवर्जून खाऊन पाहा.

घाटमाथा (१५ फेब्रुवारी)

आपण सर्वांनी इतक्या आपलेपणाने लिहिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. यजमानांना संपूर्ण धागा वाचून दाखवला. मंदगती ताईंच्या प्रतिसादानंतर ते म्हणाले, “त्या दोन गुडघे बदलून चढल्या, तर मी एकावर चढेन.” जाण्याचे नक्की केले आहे. व्हिसाबद्दल एक शंका आहे: अर्ज जर्मनीकडे करायचा की ग्रीसकडे?

दर्यावर्दी (१५ फेब्रुवारी)

ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे. तुमचे बारा दिवस जर्मनीत आणि आठ ग्रीसमध्ये, म्हणून अर्ज जर्मनीकडेच करावा. शेंगेन व्हिसा दोन्हीकडे चालतो. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. ग्रीसमधल्या मुक्कामाची आणि बोटीची कागदपत्रेही जोडावीत, लपवू नयेत.

घाटमाथा (६ जुलै)

नमस्कार. आम्ही परत आलो. ज्यांनी वेळ काढून लिहिले त्यांना सविस्तर सांगणे माझे कर्तव्य आहे.

पिरेयसहून सकाळचे मोठे जहाज घेतले. दर्यावर्दी यांचे म्हणणे अक्षरशः खरे ठरले. यजमान सबंध प्रवास डेकवर उभे होते आणि नकाशा हातात घेऊन प्रत्येक बेटाचे नाव मला सांगत होते. इऑसच्या बंदरात शिरताना उजवीकडे खडकावर आयिया इरिनीचे पांढरे चर्च दिसले, तेव्हा डेकवरची मुले टाळ्या वाजवत होती आणि आम्हीही वाजवल्या.

मुक्काम यालोसला केला. मुलगी दोन रात्री आमच्याकडे आणि दोन रात्री मैत्रिणींकडे राहिली. पहिल्या रात्री तीच आम्हाला अकरा वाजता होऱ्यात घेऊन गेली. चौकात संगीत सुरू झाले होते, छातीत धडधड जाणवावी इतके मोठे. एका बारच्या दारातल्या मुलाने आम्हाला पाहून हसत वाट करून दिली. कोणी आमच्याकडे वळूनही पाहिले नाही आणि कोणी हटकलेही नाही. आम्ही साडेबाराच्या बसने परतलो. मुलगी पहाटे चारला आली, ठरल्याप्रमाणे निरोप पाठवून. मी जागी होते, हे मान्य करते. पण जागी राहण्यात भीती नव्हती. ती लहान असताना सहलीहून येईपर्यंत मी जशी जागी असे, तसेच ते होते.

स्कार्कोसला आम्ही तिघे सकाळी लवकर गेलो. प्राचीन यांनी लिहिलेले सगळे तिथे आहे, तरी एक गोष्ट पाहिल्याशिवाय कळली नसती. भिंती त्याच बेटाच्या चपट्या दगडांच्या आहेत, आणि टेकडीवरून नजर फिरवली की आजच्या शेतांचे बांधही त्याच दगडांचे, त्याच पद्धतीने रचलेले दिसतात. मी वर्गात “सातत्य” हा शब्द एकोणतीस वर्षे वापरला. एका उंबऱ्याच्या दगडावर हात ठेवून उभी राहिले तेव्हा तो शब्द मला पहिल्यांदा हाताला लागला. तिथे आमच्याशिवाय फक्त एक इटालियन जोडपे होते. मिलोपोतासवर त्या वेळी शेकडो मुले झोपलेली असतील.

होमरच्या समाधीला टॅक्सी करून गेलो. शेवटचा भाग पायवाटेचा आहे. यजमान अर्ध्यावर एका दगडावर बसले आणि आम्ही दोघी पुढे गेलो. वारा इतका होता की बोलणे ऐकू येत नव्हते. रचलेल्या दगडांच्या लहानशा राशी, एक शिळा आणि खाली निळा समुद्र. ती जागा त्याची नाही, हे मला ठाऊक होते, तरीही माझे डोळे भरून आले. इतक्या शतकांत इतक्या माणसांनी कवीसाठी इथे येऊन दगड रचले, हे काही कमी खरे नाही.

तिथून परतल्यावर मुलीने उवांचे कोडे तिच्या मैत्रिणींना घातले. एक स्पेनची, एक पोलंडची, दोन जर्मन. कोणालाही सुटले नाही. चोवीस_कॅरट यांच्या आजींची गोष्ट सांगितल्यावर सगळ्या खूप हसल्या आणि एकीने तिच्या आजीला तिथूनच फोन लावला.

शिवोलीच्या बंधूंना सांगायचे राहिले. “कालिमेरा” म्हटल्याबरोबर आमच्या मालकीणबाईंनी यजमानांचा हात धरून त्यांना अंगणातल्या खुर्चीवर बसवले आणि दुसऱ्या दिवशी फावा स्वतः करून आणला. यजमानांनीही भात कुठे, असे विचारलेच. निघण्याच्या दिवशी वाऱ्यामुळे वेगवान बोट रद्द झाली, पण आमचे तिकीट मोठ्या जहाजाचे होते आणि ते दीड तास उशिराने का होईना, आले.

टपालपेटी (६ जुलै)

ताई, माझा पहिला प्रतिसाद मी आज पुन्हा वाचला. नॅक्सोस मला अजूनही प्रिय आहे, पण तुम्हाला तिकडे जायला सांगण्यात माझी चूक झाली, हे इथे नोंदवतो. स्कार्कोसला सावली आहे का? आम्ही सप्टेंबरात जाण्याचा विचार करतो आहोत.

घाटमाथा (७ जुलै)

सावली अजिबात नाही. टोपी आणि पाणी जवळ ठेवावे, आणि दार उघडताच आत जावे. सप्टेंबरात गेलात तर आमच्या मालकीणबाईंचा पत्ता खाजगी निरोपाने पाठवते. त्यांनी साताऱ्याचे कंदी पेढे पुन्हा मागितले आहेत, तेवढे कोणी नेले तर फार बरे होईल.